सेफेर उचलायचा आहे

सिलिंडर सॅमसनच्या हातातून निसटला तेव्हा त्यानं तो सोडला नव्हता. पुढे कितीतरी दिवस ही गोष्ट त्याला स्वतःलाच पुन्हा पुन्हा समजावून सांगावी लागली. वैशाखातली रविवारची सकाळ होती. गॅसवाला नेहमीसारखा सिलिंडर फाटकाशी टेकवून पुढच्या घरी गेलेला. फाटकापासून दहा पावलं, मग ओट्याच्या तीन पायऱ्या. रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या या घरात राहायला आल्यापासून गेली पंधरा वर्षं तो एवढं अंतर एका दमात जात आला होता आणि त्यात काही विशेष आहे असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्या दिवशी दुसऱ्या पायरीवर उजव्या हाताची बोटं उघडली. दुखलं नाही, मुंग्या आल्या नाहीत, घामानं सटकलं म्हणावं तर घामही नव्हता. बोटं उघडली, एवढंच. सिलिंडर पायरीची कड फोडून खाली गेला आणि जास्वंदीच्या आळ्यात आडवा झाला. आवाज ऐकून रिबेका पदराला हात पुशीत बाहेर आली. तिनं आधी सिलिंडरकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पायांकडे, आणि पाय शाबूत आहेत हे बघून तिला हसू फुटलं. "नाव सोनूबाई नि हाती कथलाचा वाळा," ती म्हणाली, कारण सॅमसन म्हणजे धर्मग्रंथातला महाबली वीर, आणि सिलिंडर उभा करून, कडेवर गरगर फिरवत, सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेली. सॅमसनही हसला. बायकोनं थट्टा केली की हसावं, हे पंचवीस वर्षांच्या संसारात तो शिकला होता. पण हसताना तो आपल्या तळहाताकडे बघत होता, आणि तो हात त्याला ओळखीचा वाटेना.

तसं पाहिलं तर घाबरण्यासारखं काय होतं? एकोणपन्नासावं लागलेलं. धाटावच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर, म्हणजे दिवसभर खुर्ची, रजिस्टर, आणि पोती उचलायला दुसरी माणसं. पोट सुटलेलं, पट्ट्याला गेल्या दिवाळीत मोच्याकडून नवं भोक पाडून घेतलेलं. या वयात सगळ्यांचंच असं होतं, असं म्हणून तो विसरलाही असता. पण त्याच आठवड्यात शुक्रवारी तो पेणला गेला, एलियाहकाकांकडे. अष्टमीत आता प्रार्थनेला दहा पुरुष जमत नव्हते. आमच्या इस्रायल लोकांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, हे असंच झालं होतं, घराला कुलूप, किल्ली शेजाऱ्याकडे आणि मुलंबाळं समुद्रापलीकडे. त्याची स्वतःची मुलगी तामार गेल्या वर्षी नवऱ्याबरोबर गेली होती. दहा पुरुष असल्याशिवाय सेफेर, म्हणजे कातड्यावर हातानं लिहिलेली पवित्र गुंडाळी, बाहेर काढता येत नाही. म्हणून रोहा-अष्टमीचे उरलेसुरले लोक पेणच्या मशिदीत जात. होतं ते ज्यूंचं प्रार्थनाघर, पण गावात सगळे त्याला मशीदच म्हणत आणि इस्रायल लोकही तेच म्हणत. एलियाहकाका तिचे चालक, दिवा लावणारे, झाडपूस करणारे, सगळं काही. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात साखर, आणि गेली तीस वर्षं सणासुदीला सेफेर उचलून दाखवायचा मान त्यांचा. त्या शुक्रवारी चहा पिता पिता काका सहज म्हणाले, "दिवाळीच्या आधी मी जातोय. पोरानं कागद पाठवलेत. सिम्हा तोराचा सण करून निघतो. त्या दिवशी सेफेर तू उचलायचा."

"मी?" सॅमसन म्हणाला.

"मग काय मी बाहेरगावचा माणूस बोलवू? तुझा बाप उचलायचा. त्याच्या आधी तुझा आजा उचलायचा. आता तूच हायस."

सॅमसन व्हय म्हणाला. बशीतला चहा त्याला पिववेना, त्यावर साय धरली. सिम्हा तोरा म्हणजे सेफेरचं वर्षभराचं वाचन पुरं झाल्याचा सण. सेफेर लाकडी पेटीत उभा असतो आणि पेटी पुस्तकासारखी मधून उघडते. ती उघडी पेटी दोन्ही हातांनी धरून डोक्याच्या वर न्यायची आणि चारी बाजूंच्या लोकांना आतली अक्षरं दिसतील अशी सावकाश फिरवायची. लोक उभे राहतात, करंगळी पुढे करतात, वचन म्हणतात. सगळं मिळून दीड-दोन मिनिटांचं काम. पण तो पडला तर? सेफेर पडला तर ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्या सगळ्यांनी चाळीस दिवस उपास करायचा, सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. लहानपणापासून हे तो ऐकत आला होता आणि असं कधी कुठे झाल्याचं मात्र ऐकलं नव्हतं, म्हणून ते जास्तच भयंकर वाटे. दहा पुरुष, त्यातले सात साठीपलीकडचे. चाळीस दिवस. साखरेचे काका. एस.टी. परतीला वडखळच्या नाक्यावर थांबली तेव्हा मिठाच्या ट्रकांची रांग पुढे होती, आणि खिडकीच्या गजाला धरलेल्या आपल्या बोटांना तो एकेक करून दाबून बघत होता.

वडिलांचे हात त्याला आठवत. तेव्हा घर पेणलाच होतं, मिठागरांच्या जवळ. वडील सेफेर उचलत तेव्हा सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत घसरत आणि दंडावरच्या शिरा फुगून निळ्या दिसत. पाच-सहा वर्षांचा सॅमसन त्या हातांखाली उभा राही आणि वर बघे; डोक्यावर उघडी पेटी, तिच्या मागे काचेच्या हंड्यांमधल्या तेलाच्या वाती, खोबरेल आणि सब्जा यांचा मिसळलेला वास. त्या जागेसारखी सुरक्षित जागा जगात दुसरी नाही असं तेव्हा वाटे. आता वाटत होतं, आपण किती वेडे होतो, नेमके त्या जागी उभं राहायला नको होतं. आजोबा तर घाण्यावरचे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली. घाण्याची लाट, म्हणजे तो जड लाकडी दांडा, एकटे उचलून खांद्यावर घेत असं सांगतात. तीन पिढ्यांत लाटेवरून रजिस्टरपर्यंत घसरण झाली याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट टेबलाखुर्चीची नोकरी लागली तेव्हा आईनं एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावानं मलिदा केला होता, गुळाचे पोहे आणि पाच फळं. देवानंच सुटका केली म्हणून. आता तोच देव, असं त्याच्या मनात आलं आणि पुढचं वाक्य त्यानं मनातही पुरं केलं नाही.

ज्येष्ठ लागला तसा तो पहाटे उठून मागच्या पडवीत व्यायाम करू लागला. सुरुवात जोर आणि बैठकांनी केली, कारण शाळेत असताना तेवढंच शिकला होता. तेरा जोर झाले आणि चौदाव्याला तो लादीवर पालथा पडून राहिला, गालाला थंड लादी, कानात रक्ताचा आवाज. वीस वर्षं ज्या शरीराला त्यानं साधं विचारलंही नव्हतं ते आता सगळीकडून बोलायला लागलं. मांड्या, पोटऱ्या, बगलेखाली नाव ठाऊक नसलेली कुठली कुठली जागा. रिबेका आतून म्हणाली, "अहो, आत्ताच काय ते सांगा, ऑफिसला जायचं का दवाखान्यात?" सेफेरबद्दल तो तिच्याशी बोलला नव्हता. पोट कमी करतोय एवढंच सांगितलं होतं. तिनं ते मानलं, किंवा मानलं असं दाखवलं. बायको आपल्याला किती ओळखते याचा अंदाज सॅमसनला कधीच आला नाही.

पडवीच्या पलीकडच्या अंगणात जनूबाबा राखुंडी लावत बसलेले असत. पेणच्या खाडीकडचे, जन्म मिठागरात गेलेला, आता मुलगा निलेश कंपनीत लागला म्हणून अष्टमीत येऊन राहिलेले. दोन-तीन दिवस ते नुसते बघत राहिले. चौथ्या दिवशी कुंपणाशी आले.

"सॅमसनभाऊ, काय उचलायचा हाय तुम्हाला?"

सॅमसन दचकला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? माणूस आरशात बघून जोर मारतो तो येगला. तुम्ही हाताकडं बघून मारता."

मग त्यानं सांगितलं. परक्या धर्माच्या माणसाला सांगणं सोपं गेलं. जनूबाबांनी राखुंडीची चूळ टाकली आणि विचार केला. त्यांनी तीस वर्षं पाट्या भरून मीठ डोक्यावरून वाहिलं होतं. "वजन किती त्या पेटीचं?" त्यांनी विचारलं. ते तर कुणालाच ठाऊक नव्हतं. देवाचं पुस्तक काट्यावर कोण घालणार? वडिलांनी एकदा बोलता बोलता 'पाव मण असेल, जास्तच' म्हटलेलं. पेटीचं शिसवी लाकूड, वरचे चांदीचे गोंडे, आत दोन दांड्यांवरचं कातडं. सॅमसननं धरून चालावं म्हणून वीस किलो धरले. पाव मण म्हणजे दहाएक किलो, हा हिशेब त्यालाही येत होता, पण भीतीनं मापाला झुकतं माप दिलं. तेव्हा जनूबाबांनी निलेशच्या सायकलवरून आगरातल्या मिठाचं पोतं आणलं, खडेमीठ, करडं, हाताला चरचरणारं. सॅमसननं ते कंपनीच्या काट्यावर नेऊन बरोबर वीस किलो भरून घेतलं आणि पडवीच्या आढ्याला दोरीनं टांगलं, म्हणजे उंदरांनी पोतं कुरतडायला नको. "हातानं उचलू नको," जनूबाबा शिकवू लागले. शिकवताना ते त्याला अरेतुरे करत, एरवी नाही. "हात फक्त धरायला. उचलायचं पायानं. खाली बस, पोतं मांडीवर घे, श्वास धर, मग ऊठ. घाई करशील तर कंबर जाईल." पहिल्या दिवशी पोतं मांडीपर्यंत आलं. चौथ्या दिवशी छातीपर्यंत. आठ दिवसांनी जनूबाबा भातलावणीसाठी गावी गेले ते पावसाळाभर तिकडेच राहिले, आणि सॅमसन एकटा पडला.

पण आता ते सोपं जात होतं. हे त्याला आधी खरं वाटेना. आषाढात पोतं खांद्याच्या वर गेलं. श्रावणात डोक्यावर, आणि तिथं तो दहा मोजेपर्यंत धरू लागला. बाहेर धो धो पाऊस, कुंडलिका नदी पुलाच्या खांबांना घासत चाललेली, पडवीत ओल, भिंतीला बुरशीचे ठिपके, आणि या सगळ्यात हा माणूस उघड्या अंगानं मिठाचं पोतं डोक्यावर घेऊन चारी दिशांना सावकाश वळतोय. कुणी पाहिलं असतं तर वेड लागलं म्हटलं असतं. पट्ट्याचं नवं भोक रिकामं झालं. कंपनीत पाण्याचा जड डबा त्यानं एका हातानं उचलून ठेवला आणि शिपाई दत्तात्रेय म्हणाला, "साहेब, काय खाता?" सॅमसनला आतून गुदगुल्या झाल्या. रिबेका मात्र कुरकुरत होती. पडवीची लादी सारखी चिकट, पुसली तरी तासाभरात पुन्हा ओली. तिनं पोत्याखाली घमेलं ठेवलं. त्यात पाणी जमे, ती ते झाडाला न घालता मोरीत ओते, कारण एकदा घातलं तर अबोली जळली. आढ्याची कौलं गळतात, असं सॅमसन म्हणाला. तो स्टोअरकीपर होता. दमट हवेत कुठला माल पाणी धरतो, कुठल्या पोत्याला पाझर फुटतो, महिन्याला किती घट येते हे त्याच्या बोटांवर होतं. घटीची कारणं तो रोज लिहीत असे. पण आपल्याला हवं तेच घडत असलं की माणसाचं पाऊल काट्याकडे वळत नाही. पहाटे पोतं वर जाई आणि सेफेरची भीती थोडी सैल होई, आणि त्याला तेवढंच पुरे होतं.

भाद्रपद संपत आला तसे नव्या वर्षाचे सण सुरू झाले. मग दारफाळणीचा, वर्षाच्या पापांची क्षमा मागायचा, कडक उपास. तो उपास त्यानं पेणला काकांच्या शेजारी बसून काढला. दुपारी जीभ टाळ्याला चिकटली तेव्हा त्याला वाटलं, असे चाळीस. एक नाही, चाळीस. काका शेजारी डोळे मिटून होते, गालांची हाडं वर आलेली. वर्षभरात ते फारच उतरले होते. सॅमसननं बाहीवरून आपले हात चाचपून पाहिले. दंड टणक होते. टणक आहेत, टणक आहेत, असं तो प्रार्थनेच्या मधेच म्हणत राहिला आणि मग शरमला.

सणाला सहा दिवस उरले असताना जनूबाबा परत आले. सकाळी कुंपणाशी उभे राहून त्यांनी सॅमसनला पोतं डोक्यावर फिरवताना पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर कौतुक उमटायच्या ऐवजी काहीतरी वेगळंच उमटलं. ते आत आले. त्यांनी पोत्याला बोट लावलं, बोट चाटलं, घमेल्यात पाहिलं.

"हे पावसाळाभर असंच टांगलंय?"

"व्हय. का?"

"अरे देवा," जनूबाबा म्हणाले आणि मटकन पडवीच्या कडेला बसले. त्यांना हसू येत होतं आणि ते हसू दाबत होते. "अरे मीठ पावसात पाझरतं. आम्ही राशीवर पेंढा कशाला शाकारतो? शोभेला? माझंच चुकलं, जाताना सांगायला पायजे होतं. मला वाटलं मिठागराजवळ लहानपण गेलेल्याला एवढं ठाऊक आसल."

काट्यावर पोतं चौदा किलो भरलं. सॅमसननं काटा दोनदा शून्यावर आणला, दोनदा वजन केलं. दत्तात्रेय बाजूला उभा होता, त्यानं विचारलं, "कुठल्या पार्टीचं हाय साहेब?" सॅमसननं पोतं काट्यावरून उतरवलं. चौदा. म्हणजे तो ताकदवान होत नव्हता, ओझं रोज थोडं थोडं त्याच्यापाशी येत होतं. चार महिने दोघं एकमेकांना फसवत होते, तो आणि मीठ. घरी आल्यावर त्यानं पोत्यात सहा किलोचे नदीतले गोटे भरले आणि कपडे न बदलता उचललं. खांद्यापर्यंत आलं. खांद्याच्या वर जाताना उजवा हात थरथरू लागला, आधी मनगट, मग कोपर, आणि मानेपाशी काहीतरी झटकन ओढलं गेलं. पोतं त्यानं खाली टाकलं नाही, जेमतेम टेकवलं. जनूबाबा कुंपणापलीकडून म्हणाले, "जे अंगात आलंय ते तर नाय ना पाझरलं? चौदा उचलतोस. आधी तेरा जोरात पडत होतास." हे खरं होतं आणि काही उपयोगाचं नव्हतं. त्या रात्री रिबेकानं खोबरेल तेल कोमट करून त्याच्या मानेला लावलं. चोळता चोळता ती म्हणाली, "काकांना सांगा ना, नाय जमत म्हणून. जीव जातोय का कुणाचा?" तिला सगळं ठाऊक होतं, बहुधा पहिल्या दिवसापासून. सॅमसनला त्याचा राग आला नाही. "जाईल," तो म्हणाला, "मी नाय म्हटलं तर काकाच उचलतील. त्यांचाच जाईल."

सण मंगळवारी होता. तो रविवारीच मान आखडलेल्या अवस्थेत पेणला आला, रिबेका उद्या येणार होती. सोमवारच्या प्रार्थनेला मशिदीत नऊच जण जमले. नऊ. सेफेर हेखालात, म्हणजे भिंतीतल्या त्याच्या कपाटातच राहिला, पडदा हलला नाही. बाहेर येताना सगळे चुकचुकत होते, उद्या तरी मुंबईची माणसं यायला हवीत म्हणत होते, आणि सॅमसनच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं की उद्याही न येवोत. एस.टी. बंद पडो. पनवेलच्या पुढच्या घाटात काही होवो. दहावा माणूस न येवो. असा विचार मशिदीच्या पायरीवर उभं राहून कधी त्याच्या घराण्यात कुणी केला असेल असं त्याला वाटेना.

दुपारी काकांच्या ओटीवर त्यानं सांगून टाकलं. सिलिंडरचं सांगितलं, मिठाचं सांगितलं, चौदा किलोचं सांगितलं, मानेचं सांगितलं. काका झोपाळ्याच्या कडेला बसून केळ्याची साल बोटांत फिरवत होते. त्यांनी मध्येच थांबवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "माझ्या हातनं पडलाय."

सॅमसनला आधी वाटलं केळ्याबद्दल बोलताहेत.

"गेल्या वर्षीच्या श्रावणात. हेखालाची झाडपूस करत होतो, वाळवी लागली का बघायला बाहेर काढला. हात गेला. तुझा सिलिंडर गेला तसाच. कोपऱ्यावर आपटला."

"कुणी पाहिलं?"

"मी पाहिला ना," काका म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, अगदी बाजारातल्या गोष्टी सांगाव्यात तसं. चाळीस दिवस केले. शेजारच्या सरूला सांगितलं की डॉक्टरनं दिवसाचं खाणं बंद केलंय. डॉक्टरला सांगितलं की सरू जेवण उशिरा आणते. साखर खाली जाऊन दोनदा चक्कर आली. गेल्या वर्षीच्या सणाला उचलायचा मान मुंबईच्या पाहुण्याला दिला, आणि सगळे म्हणाले, एलियाहकाका किती मोठ्या मनाचे. "ते सगळ्यात कडू लागलं," काका म्हणाले. "उपाशी राहणं काय, सवयीनं जमतं. त्यानंतर मी सेफेरला हात लावलेला नाय. पडदा बाजूला करतो, लांबून बघतो. उद्या तुझ्या हातनं पडला तर सगळे बसू उपाशी, मला तर सराव हाय. पण तू उचलायचा. नाय म्हणू नको, मला विमानात बसायचंय."

ऐकून धीर यायला हवा होता. आला नाही. इतके दिवस जे कधी कुठे घडलं नव्हतं तेच त्याला घाबरवत होतं. आता ते या माणसाच्या हातून, या गावात, त्याच पेटीचं घडून गेलेलं होतं, आणि जे एकदा घडतं त्याला वाट ठाऊक होते. काका केळ्याची साल टाकायला उठले तेव्हा सॅमसननं त्यांचे हात पाहिले. बारीक, डागळलेले, अंगठ्याच्या बुडाशी खड्डे पडलेले. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. काकांनी ते पाहिलं आणि आत जाऊन चहा ठेवला.

मंगळवारी मुंबईचे दोघे सकाळच्या पहिल्या गाडीनं आले. अकरा झाले. बायकांच्या बाजूला रिबेका बसलेली त्याला दिसली, तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, मुद्दाम पाहिलं नाही. पडदा बाजूला झाला. नाव पुकारलं गेलं, त्याचं, त्याच्या बापाच्या नावासकट. पेटी उघडून समोर उभी केली तेव्हा त्याच्या हातांना घाम नव्हता, कोरडे होते, सिलिंडरच्या दिवशी होते तसेच. त्यानं गुडघे वाकवले. श्वास धरला. पेटी छातीशी आली, मग हनुवटीशी, आणि मानेतली ती ओढ जागी झाली, आणि पेटी वर गेली. किती जड होती ते त्याला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही सांगता आलं नाही. मनगट थरथरत होतं, ते सगळ्यांना दिसत असणार. एक दिशा. लोक वचन म्हणत होते. दुसरी दिशा. उजव्या हाताच्या बोटांना तो मनातून एकेक करून हाक मारत होता, तिसरी दिशा, चौथी, आणि पेटी खाली लाकडाच्या मेजावर टेकली तेव्हा टक्‌ असा लहानसा आवाज झाला. झालं. संपलं. वाचन सुरू झालं, संपलं, पेटी बंद झाली आणि सणाचे फेरे सुरू झाले. फेऱ्यात सेफेर छातीशी धरून मशिदीच्या आत गोल चालायचं आणि फेरा झाला की पुढच्याच्या हातात द्यायचा. पहिला फेरा सॅमसनचा. लोक टाळ्या वाजवत होते, त्याच्या बाह्या घामानं चिकटल्या होत्या, तो जवळजवळ हसत होता. फेरा पुरा करून तो वळला आणि पुढे एलियाहकाका हात पसरून उभे होते.

त्यांचं नाव पुकारलेलं नव्हतं. ते आपण होऊन पुढे आले होते. अकरांपैकी नऊ जणांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. म्हातारा आठ दिवसांनी जाणार, तीस वर्षं ज्यानं उचलला त्याला एक फेरा नको? त्यांनी टाळ्या आणखी जोरात केल्या. सॅमसन थांबला. 'काका, तुम्ही बसा' एवढे तीन शब्द म्हणून तो पुढच्याकडे वळला असता तर लोकांना तो आदरच वाटला असता. कुणालाही कधीही कळलं नसतं. फक्त काकांना. चाळीस दिवसांचा हिशेब त्याच्या डोळ्यांपुढून गेला, विमानाचं तिकीट गेलं, कोपऱ्यावर आपटलेल्या लाकडाचा आवाज त्यानं न ऐकताच ऐकला. काकांचे हात पुढे होते आणि अगदी थोडे हलत होते. त्यानं सेफेर त्यांच्या छातीशी दिला आणि स्वतःचे दोन्ही हात खाली, पेटीच्या बुडाशी तसेच ठेवले.

"हात काढ," काका म्हणाले. टाळ्यांत ते फक्त त्याला ऐकू आलं.

सॅमसनची बोटं उघडेनात. चार महिने त्यानं त्यांना फक्त धरायलाच शिकवलं होतं. काका त्याच्याकडे बघत होते, रागानं नाही, आणि विनवणीही नव्हती. सॅमसननं आधी एक बोट उघडलं, मग दुसरं, मग सगळी, आणि हात मागे घेतले. पेटी खाली एक अंगुळ गेली. काकांच्या कोपरांनी ती तिथं धरली. त्यांनी पाऊल टाकलं. फेरा पंचवीस पावलांचा आहे, सॅमसननं तो लहानपणापासून मोजलेला होता, आणि पंचविसापैकी एकाही पावलाला तो त्यांच्या मागोमाग गेला नाही. जिथं होता तिथंच उभा राहिला, मोकळे हात अंगापासून दूर धरून, आणि काका पलीकडच्या खांबाआड गेले तेव्हा त्यांच्या अनवाणी पावलांचा आवाज ऐकत राहिला.